तांब्यावरची रेघ कॅनव्हासवर उतरवताना

पहिल्या खेपेला माझी फजितीच झाली. सोफ्यामागची नऊ फुटांची भिंत कोरी होती आणि तिथे पिरानेसीचं कलोसियम लावायचं मी मनाशी ठरवलं होतं. जोव्हानी बात्तिस्ता पिरानेसी हा व्हेनिसकडचा, जन्म 1720 चा. शिकला वास्तुकला, पण आयुष्यभरात त्याच्या हातून प्रत्यक्ष उभं राहिलेलं काम म्हणजे रोममधल्या आव्हेंतिनो टेकडीवरचं एक चर्च. बाकी सगळं त्याने तांब्याच्या पत्र्यावर बांधलं. ‘रोमची दृश्यं’ या त्याच्या एका मालिकेतच 135 चित्रं आहेत. त्यात 1776 सालचं, घारीने वरून पाहावं तसं दिसणारं कलोसियम आहे. ते मी इंटरनेटवरून उतरवून घेतलं आणि कॅनव्हास छापून देणाऱ्या एका दुकानात व्हॉट्सअ‍ॅपने पाठवून दिलं. माप सांगितलं दोन फूट बाय तीन फूट.

आलं ते बघवेना. कमानींच्या सावल्यांत मच्छरदाणीसारखी जाळी उमटली होती, जी मूळ चित्रात कुठेच नाही. चित्राखालची इटालियन मजकुराची पट्टी चौकटीवरून वळून मागे गेली होती. वर सासूबाई म्हणाल्या, “पैसे देऊन पडकं घर लावलंस गं भिंतीवर?”

पडक्या घराचं नंतर बघू. जाळीचा दोष दुकानाचा नव्हता, माझा होता. त्यानंतर चार-पाच चित्रं नीट छापून घेतली, एक परत बिघडवलं, आणि काही गोष्टी कळल्या. पैसे घालण्याआधी तुम्हालाही त्या माहीत असाव्यात, म्हणून हा लेख.

आधी एक मूळ अडचण. जुनं छापचित्र म्हणजे रेघांचा खेळ. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देऊन त्यावर सुईने रेघ ओढायची, पत्रा आम्लात बुडवायचा, आम्लाने खाल्लेल्या खाचांत शाई भरायची आणि ओलसर कागद त्यावर दाबून शाई उचलायची. याला एचिंग म्हणतात. एन्ग्रेव्हिंगमध्ये आम्ल नसतं, पोलादी हत्याराने थेट धातू कोरतात. दोन्हींत करडा रंग असा नसतोच. रेघा जवळजवळ आल्या की सावली, लांब गेल्या की ऊन. एका इंचात अशा कितीतरी रेघा मावलेल्या असतात आणि त्या मावतात कारण कागद गुळगुळीत असतो. कॅनव्हास मात्र विणलेला. त्याला ताणाबाणा आहे, उंचवटे आहेत. बारीक रेघ त्यावर पडली की विणीच्या खळग्यात अर्धी हरवते. त्यात फाइल लहान असेल, तर रेघांची जाळी आणि पिक्सेलची जाळी एकमेकींवर चढून तिसरीच जाळी तयार होते. माझ्या कलोसियमला तीच लागली होती.

म्हणून पहिला निर्णय मापाचा नाही, रंगाचाही नाही. कुठलं छापचित्र कॅनव्हासवर चालेल आणि कुठलं कागदावरच ठेवावं, हे आधी ठरवा.

कॅनव्हासला सगळ्यांत मानवतं ते अ‍ॅक्वाटिंट. यात तांब्यावर राळेची बारीक पूड पसरून ती तापवून चिकटवतात. आम्ल कणांच्या मधल्या जागा खातं आणि छापताना जलरंगाच्या पातळ हातासारखी सलग छटा मिळते. रेघ थोडी, छटा जास्त. आणि इथे आपलं नशीब चांगलं, कारण आपल्याकडच्या वास्तूंची जुन्या काळातली उत्तम चित्रं नेमकी याच तंत्रात आहेत. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे इंग्रज चित्रकार भारतभर हिंडले. त्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ या संग्रहात 144 अ‍ॅक्वाटिंट आहेत. 1795 ते 1808 या काळात ती लंडनमध्ये निघाली. मूळ चित्र साधारण दीड फूट बाय दोन फूट भरतं. म्हणजे भिंतीवर लावण्याजोगा आकार मुळातच आहे, उगाच फुगवावं लागत नाही. घारापुरीच्या लेण्याचं दार आणि आतला भाग त्यांनी केलाय, कान्हेरीही केलीय.

वेरूळची गोष्ट आणखी वेगळी. वेरूळची 24 चित्रं थॉमस डॅनियलने 1803 मध्ये प्रसिद्ध केली, पण ती रेखाटली होती जेम्स वेल्सने. वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार. 1791 मध्ये तो मुंबईला आला, तिथून पुण्यात गेला आणि सवाई माधवराव व नाना फडणीस यांना समोर बसवून त्याने चित्रं काढली. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली होती. तिथला गंगाराम तांबट हा पुण्याचा कलावंत वेरूळच्या कामात होता. त्याने स्वतः काढलेली लेण्यांची रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत. वेल्स 1795 मध्ये वारला, छापलेली चित्रं त्याने पाहिली नाहीत. चित्रांखालची नावंही वाचण्यासारखी आहेत. इंग्रजी अक्षरांत ‘डूमर लेणा’, ‘तीन ताल’, ‘दस औतार’ असं लिहिलेलं दिसतं, तेव्हा वाट दाखवणाऱ्या गावकऱ्याचा आवाज कानावर आल्यासारखं वाटतं. घरात एकच चित्र लावायचं असेल तर मी यातलं कैलासाचं लावीन. मी लावलंही आहे.

शिळाछापही कॅनव्हासवर बरी उतरते. जेम्स फर्ग्युसनच्या 1845 च्या पुस्तकात भारतातल्या कोरीव लेण्यांची अशी 18 चित्रं आहेत. गुळगुळीत दगडावर मेणकट खडूने काढायचं आणि छापायचं, त्यामुळे तिचा पोतच कॅनव्हासच्या जवळचा असतो.

मग पिरानेसीचं काय? तो कॅनव्हासवर येतो, पण अटी घालून. पत्रा पुनःपुन्हा आम्लात बुडवून त्याने काही रेघा इतक्या खोल खाऊ दिल्या आहेत की त्या कोळशाने ओढल्यासारख्या दिसतात. त्याची ‘तुरुंग’ ही काल्पनिक वास्तूंची मालिका तर अशा दांडग्या रेघांचीच आहे. 1750 च्या सुमारास 14 चित्रं निघाली, 1761 च्या आवृत्तीत ती जास्त काळी करून 16 झाली. ही मोठ्या मापात कॅनव्हासवर फार छान दिसतात. फक्त झोपायच्या खोलीत लावू नका. साखळ्या, कप्प्या, कुठेही न पोचणारे जिने: रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाने हे बघू नये. जिन्याच्या वळणावर किंवा अभ्यासाच्या खोलीत ती शोभतात.

बारीक कामाची चित्रं मात्र कागदावरच छापून घ्या आणि काचेखाली ठेवा. यान हुइखेन फान लिन्सखोटेन हा डच माणूस 1583 ते 1588 गोव्यात होता, आर्चबिशपच्या पदरी. 1596 मध्ये ॲम्स्टरडॅमला निघालेल्या त्याच्या पुस्तकात गोव्याच्या बाजाररस्त्याचं एक लांबच लांब एन्ग्रेव्हिंग आहे. त्यात घरं, छत्र्या, घोडे आणि लिलावाची गर्दी आहे. एका गोवेकर मैत्रिणीने ते कॅनव्हासवर छापून घेतलं. माणसांचे चेहरे विणीत गेले आणि बाजार मुंग्यांचा झाला. तेच गुळगुळीत कागदावर छापून साध्या काळ्या पट्टीच्या फ्रेममध्ये लावलं असतं, तर पाहुणे तासभर त्याच्यापुढे उभे राहिले असते.

छापील चित्र भिंतीवर लावण्यात कमीपणा मात्र मानू नका. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी आपल्या कितीतरी आजोळांच्या भिंती भरल्या होत्या. तिकडे आयर्लंडमध्ये किल्डेअर परगण्यातल्या कॅसलटाउन हवेलीत लेडी लुइसा कॉनोली या बाईने 1760 च्या दशकात एक अख्खी खोली छापचित्रं चिकटवून सजवली. ती खोली अजून आहे. त्या काळी ही हौसच होती: चित्रं कापायची, त्यांना कागदी चौकटी आणि कागदी तोरणं लावायची आणि भिंतीवर डकवायची. लहान लहान चित्रांचा समूह एका मोठ्या चित्राइतकाच भिंत सांभाळतो, हे त्या बायकांना आपल्या आधी अडीचशे वर्षं कळलं होतं.

आता फाइल. कॅनव्हासवाले म्हणतील इंचाला 100 पिक्सेल पुरे. फुलांच्या नाहीतर घरातल्या लग्नाच्या फोटोला पुरेही असतील. रेघांच्या चित्राला मी इंचाला 200 च्या खाली जात नाही. हिशेब सोपा आहे: 24 बाय 36 इंचांसाठी 4800 बाय 7200 पिक्सेल लागतात. हातातली फाइल लांबीला 4000 असेल तर ती 20 इंचांचीच आहे, हे मान्य करून लहान छापा. माझी पहिली कलोसियमची फाइल होती 1500 ची. म्हणजे इंचाला बेचाळीसही नाहीत. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की आणखी दाबली जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात जा. हल्ली यंत्राकडून फाइल ‘मोठी’ करून देणारी ॲप आली आहेत. वास्तूच्या छापचित्रांवर ती वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. यंत्र रेघ ओळखत नाही, रेघ कल्पून घेतं. पिरानेसीची चिमुकली माणसं अळ्यांसारखी होतात आणि खालच्या मजकुरातून कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं उगवतात.

चांगली फाइल फुकट मिळते. न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने 2017 पासून आपल्याकडच्या मुक्त कलाकृतींची छायाचित्रं कुणालाही, कशासाठीही वापरायला खुली केली आहेत. ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि येलचं ते संग्रहालयही अशी चित्रं देतात. आपल्या कायद्यात कलावंताच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे वेल्स, डॅनियल, पिरानेसी यांच्यावर कुणाचाच हक्क उरलेला नाही. तरी चित्राच्या पानावर ‘पब्लिक डोमेन’ किंवा ‘सीसी झिरो’ असं लिहिलंय का, तेवढं बघून घ्या. चित्र अमुक ठिकाणाहून घेतलं याची नोंदही ठेवा, पुढे लागते.

फाइल मिळाली की तिला गोरं करायचा मोह होतो. जुन्या कागदाचा रंग सायीसारखा पिवळसर असतो आणि दुकानातला मुलगा एका बटणात तो पांढराशुभ्र करून देतो. करू देऊ नका. त्या रंगावरच काळी शाई मऊ दिसते. त्याच्या उलटही करू नका: ‘जुना लूक’ म्हणून वरून तपकिरी छटा मारली की चित्र चहा सांडल्यासारखं दिसतं. डाग, बुरशीचे ठिपके, मधली घडी एवढं पुसून घ्यायला हरकत नाही.

छापायला देताना दुकानदाराला काय विचारायचं? शाई पिगमेंटची आहे की डायची, हे विचारा. पिगमेंटची घ्या, ती उशिरा विटते. फ्लेक्स छापणाऱ्या यंत्रावर कॅनव्हास चढवून देणारेही आहेत. लांबून चालतं, पण आपलं चित्र जवळ जाऊन बघायचं आहे. कापडाची वीण जितकी बारीक तितकी चांगली, आणि वरचा हात मॅटच हवा. चकचकीत कॅनव्हासवर समोरची खिडकी दिसते, कैलास दिसत नाही. निव्वळ सुती कापड पावसाळ्यात सैल पडतं, त्यापेक्षा पॉलिस्टर मिसळलेलं आपल्या हवेत टिकतं. मागची चौकट पाइनच्या लाकडाची मागा. एमडीएफची स्वस्त पडते आणि एका दमट पावसाळ्यात फुगते. लांबी तीन फुटांच्या वर गेली तर मध्ये आडवी पट्टी हवीच.

आणि हे सगळं करण्याआधी चित्राचा एक तुकडा खऱ्या मापात छापून घ्या. आठ बाय दहा इंच पुरे. जिथे रेघा सगळ्यांत दाट असतील तोच भाग निवडा, आकाश निवडू नका. पैसे लागले तरी द्या. माझं दुसऱ्यांदा बिघडलेलं चित्र याच कंजुषीत गेलं.

कडांचा प्रश्न फार जण विसरतात. कॅनव्हास चौकटीवरून वळवून मागे ठोकतात, त्यात प्रत्येक बाजूने दीड-दोन इंच जातात. फोटोत ते खपतं. छापचित्राला स्वतःची सीमारेघ असते, खाली नाव असतं, पिरानेसीकडे तर आकडे घालून इमारतींचा खुलासा असतो. हे सगळं समोरच राहिलं पाहिजे. म्हणून चित्राभोवती कागदाच्याच रंगाची दोन-तीन इंच कोरी जागा सोडून छापायला सांगा आणि वळणारी कड त्याच रंगाची ठेवा. चित्राचीच उलटी प्रतिमा कडेला वळवायची पद्धत इथे नको, कडेवर अक्षरं उलटी येतात. दुकानात तयार चौकटी 2:3 किंवा 3:4 अशा ठरावीक प्रमाणात असतात. चित्र त्यात बसत नसेल तर चौकट बदला, चित्र कापू नका. बाहेरून फ्रेम हवी असेल तर फ्लोटर फ्रेम घ्या. तिच्यात कॅनव्हास आणि लाकूड यांच्यात बारीक फट राहते. सोनेरी नक्षीचं मोल्डिंग लेण्याच्या चित्राला लग्नाच्या हॉलची कळा आणतं.

लावताना चित्र सोफ्याच्या साधारण दोन-तृतीयांश रुंदीचं असावं आणि पाठीच्या वर सहा ते आठ इंचांवर सुरू व्हावं. मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आत-बाहेर ठेवतात, पण ज्या घरात भारतीय बैठक आहे तिथे अर्धा फूट खालीच घ्या. समूह लावायचा असेल तर चित्रांच्या मापाची वर्तमानपत्रं कापून भिंतीवर कागदी टेपने चिकटवा आणि दोन दिवस तशीच ठेवा. येता-जाता चूक आपोआप दिसते. नव्या टॉवरमधल्या काँक्रीटच्या भिंतीत साधा खिळा जात नाही. ड्रिल मारून गिट्टी बसवून स्क्रूच लावा. रुंद चित्राला एकाऐवजी दोन स्क्रू लावले की ते तिरकं होत नाही.

पाऊस हा आपल्या भिंतींचा खरा मालक आहे. बाहेरची, पश्चिमेची, ओल धरणारी भिंत टाळा. बाथरूमच्या पाठीला असलेली भिंतही टाळा. बहिणीच्या कोकणातल्या चिऱ्याच्या घरात लावलेल्या कॅनव्हासला ऑगस्टमध्ये मागून हिरवी बुरशी आली, समोरून पत्ताही नव्हता. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवले की भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चित्र उतरवून मागे बघायचं आणि कोरड्या मऊ ब्रशने झटकायचं. ओलं फडकं मारायचं नाही. स्वयंपाकघरात लावायचं नाही, फोडणीची वाफ विणीत बसते ती निघत नाही.

उजेड पिवळसर ठेवा. पांढऱ्या ट्यूबखाली तोच सायीचा कागद मळका दिसतो आणि मग आपल्याला भिंतीचा रंगच चुकला असं वाटू लागतं. वरून तिरपा पडणारा एक साधा एलईडी पुरतो. थेट ऊन कुठल्याही शाईला नको.

आता सासूबाईंचं पडकं घर. घरात भग्न वास्तूचं चित्र लावू नये असं बऱ्याच घरांत मानतात. त्यावर वाद घालण्यापेक्षा दुसरं चित्र शोधणं सोपं. पिरानेसीनेच पँथिऑन काढलं आहे, जे दोन हजार वर्षांच्या आसपास शाबूत उभं आहे, आणि त्रेवीचं कारंजंही काढलं आहे. मी कलोसियम उतरवलं आणि त्या जागी कैलास आला. सासूबाईंनी त्याला पहिल्या दिवशी हात जोडले. त्या जागी आता पाहुणे आधी चपला काढतात की काय, एवढीच भीती.

एक काम मात्र चित्र भिंतीवर चढवण्याआधी करा, नंतर होत नाही. चौकटीच्या मागे लाकडावर पेन्सिलीने लिहून ठेवा: चित्र कशाचं, कुणाचं, मूळ साल कुठलं, फाइल कुठून घेतली, छापलं कधी. म्हणजे उद्या कुणी ते जुनं अस्सल छापचित्र समजून विकायला किंवा विकत घ्यायला जाणार नाही. माझ्या कैलासाच्या मागे लिहिलंय: ‘रेखाटन जेम्स वेल्स, छाप थॉमस डॅनियल, 1803. ही कॅनव्हासवरची नक्कल. वेरूळच्या कामात गंगाराम तांबट होते.’